फळीवर ठेवलेले देव

भवानी पेठेतल्या शरणप्पा मिस्त्रीला त्या उन्हाळ्यात नवं काम नको होतं. एकोणऐंशी सालचा एप्रिल चालू होता. बसवजयंतीला दुकानाला कुलूप लावायचं, किल्ली मालकाच्या हातावर ठेवायची आणि बायकोला घेऊन हुबळीला पोराकडं जायचं, हे त्याचं पक्कं झालं होतं. पोरगा शिवपुत्र रेल्वेत होता. क्वार्टर मिळालं, या आता, असं त्यानं तीनदा लिहिलं होतं. दोनदा शरणप्पानं पत्राला उत्तर दिलं नाही. तिसऱ्यांदा दिलं, कारण रंधा मारताना खांदा भरून यायला लागला होता आणि जेवताना घास तोंडापर्यंत नेणंही जिवावर यायचं.

पंचवीस वर्षं त्यानं रेडिओची कॅबिनेटं केली. सोलापुरात तेव्हा रेडिओ जोडून विकणारे चार-पाच दुकानदार होते. आतला माल मुंबईहून यायचा, वरची पेटी शरणप्पाची. गिऱ्हाइकाला आतलं काय कळतंय? ते पेटीवरून हात फिरवायचं, लाखेच्या पॉलिशात आपलं तोंड बघायचं आणि मग किंमत विचारायचं. पुढं प्लास्टिकचे ट्रान्झिस्टर आले. माणसं रेडिओ खांद्याला अडकवून म्हशीमागं हिंडायला लागली आणि पेटीचं काम बसलं. गेली नऊ वर्षं शरणप्पा फोटोंना चौकटी करून देत होता. देवांचे फोटो, नाहीतर वारलेल्या माणसांचे.

"देवाच्या तोंडाकडं बघून माणूस थकत न्हाई म्हनत्यात," तो बायकोला म्हणायचा, "मी थकलो बघ."

असल्या दिवसांत एका सोमवारी धर्मपाल दुकानात आला. तिशी ओलांडलेला, अंगानं काटक, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. हातात पेढ्याचा खोका. टेक्निकल कॉलेजात तो प्रयोगशाळेत सहायक होता.

"या मास्तर," शरणप्पा म्हणाला.

"मी मास्तर न्हाई, मिस्त्री. मास्तरांची कपाटं उघडून देतो मी."

"किल्ली तुमच्याकडं म्हंजे तुमीच मास्तर. कुणाचा फोटो आनलाय?"

धर्मपालनं खोका उघडला. आत पेढे नव्हते आणि फोटोही नव्हता. हिरवट रंगाचा, वहीएवढा एक पत्रा होता. पत्रा तरी कसला, पुठ्ठ्यासारखं काहीतरी. त्यावर काळ्या किड्यांसारखे तुकडे ओळीनं बसवलेले, एका कडेला हिशेबाच्या यंत्राला असतात तशी बटनं, आणि वर आकडे उमटायला सहा बारक्या खिडक्या.

"ह्यो काँप्युटर हाय," धर्मपाल हळूच म्हणाला. घरातल्या आजाऱ्याचं नाव घ्यावं तसं.

शरणप्पानं चष्मा कपाळावरून खाली ओढला. "काँप्युटर खोलीयेवढा असतोय म्हनं."

"असतोय की. ह्यो लहान हाय. एकाच पाटीवर सगळा बसिवलेला."

हकीगत अशी होती. कॉलेजानं हे यंत्र मुंबईहून मागवलं आणि कपाटात ठेवलं. कुणाला चालवता येत नव्हतं आणि येत नाही असं सांगायचीही कुणाची तयारी नव्हती. धर्मपालनं त्याच्यासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक दोन वर्षं घरी नेऊन वाचलं, शब्दाला शब्द लावून. आता ते त्याचं ऐकत होतं. पण प्रिन्सिपल साहेबांनी कागद काढला होता: वापरात नसलेला माल महिनाअखेर परत पाठवणे. धर्मपाल त्यांच्यापुढं उभा राहिला. साहेब म्हणाले, बाहेरच्या एखाद्या कारखान्यात हे एक दिवस काहीतरी कामाचं करून दाखव, कारखानदाराची सही आण, मग राहू दे.

चादरीचा कारखाना असलेले चनबसप्पा तयार झाले होते. मागाचा धोटा दिवसात किती वेळा इकडून तिकडं गेला, ते यंत्रानं मोजायचं. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी, दिवसभर. चाललं तर सही.

"मग माझं काय काम?"

"ह्याला घर पायजे. मागाच्या खोलीत कापसाची धूळ किती असती तुमाला ठावंच हाय. उघडं ठिवलं तर तासाभरात पांघरून घेतंय. दोघातिघांनी डबं दिलं. बिस्किटाचा पत्र्याचा डबा बघितला, तर हे पाठीमागनं उघडं असतंय, पत्र्याला टेकलं की शॉर्ट हून संपलंच. प्लास्टिकचा डबा घेतला, त्याला भोक पाडाया गेलो तर तडकला."

"मी काम बंद कराय लागलोय, मास्तर."

"म्हाईत हाय. म्हनून तर आलो. नंतर कुनाकडं जाऊ?"

शरणप्पानं यंत्र हातात घेतलं नाही, नुसतं वाकून बघितलं. मग वर्षानुवर्षं प्रत्येक रेडिओवाल्याला जो प्रश्न तो पहिला विचारायचा, तोच विचारला. "तापतंय का?"

"न्हाई. ह्यात जुन्या रेडिओगत तापनारं व्हॉल्व्ह कुटं हायत? खोक्यात कवा तापलं न्हाई."

इथंच चूक झाली. खोक्यात ते चालवताना झाकण उघडं असायचं, हे धर्मपालच्या ध्यानात आलं नाही. आणि वीज पुरवणारा गोळा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तोवर टेबलावर वेगळा असायचा, आता तोही पेटीतच बसणार होता, हे शरणप्पानं विचारलं नाही. पूर्वी विचारलं असतं.

त्यानं सागवानाची पेटी केली. आठवडा लागला, कारण दुपारी आडवं व्हावंच लागायचं. पण केली ती अशी की यंत्र म्यानात तलवार जावी तसं आत गेलं. फट म्हणून नव्हती. धूळ नको म्हणजे नको. मंगळवारी सकाळी धर्मपालनं दुकानातच ते चालू केलं, पाचा पाचानं आकडे मोजायला लावले आणि कॉलेजात गेला.

साडेअकराच्या सुमाराला शरणप्पाची नजर गेली, तर पेटीच्या काचेमागचे आकडे नीट दिसत नव्हते. सहाही खिडक्यांत नुसत्या तिरक्या-मिरक्या रेघा. त्यानं पेटीवर तळवा ठेवला आणि उचलला. भाकरीच्या तव्यावरून उचलावा तसा.

धर्मपाल आला तेव्हा शरणप्पा पायरीवर बसला होता. "मास्तर, मला अक्कल असाय पायजे हुती," तो म्हणाला. "पंचवीस वर्सं मी पेट्यांच्या पाठीला भोकं पाडली. आन ह्या खेपेला हवाबंद डबी केली. लोनच्याची."

"चूक माजी हाय. मीच म्हनालो, तापत न्हाई."

"गिऱ्हाईक काय बी म्हनतंय. मिस्त्रीनं हात लावून बघायचं असतंय."

दोघांनी मिळून पेटीला खाली-वर भोकं पाडून बघितली. तापायला अर्धा तास जास्त लागला, इतकाच फरक. इतक्या चपखल पेटीत वाऱ्याला उभं राहायला जागाच नव्हती. मोठी पेटी हवी होती. नवी करायची तर दोन-तीन दिवस नुसते जोडायला, आणि गुरुवार परवावर. धर्मपालनं यंत्र काढून पुन्हा पेढ्याच्या खोक्यात ठेवलं आणि खोक्याला सुतळी बांधायला लागला. एक गाठ बांधली, सोडली, पुन्हा बांधली. शरणप्पाला ते बघवेना.

"जरा थांबा," तो म्हणाला आणि दुकानामागच्या घरात गेला.

घरात एक पेटी होती. त्यानं केलेल्या रेडिओच्या कॅबिनेटांतलं शेवटचं. दुकानदारानं ऐनवेळी नको म्हटलं, ते पडून राहिलं, आणि त्याच्या बायकोनं, दाक्षायणीनं, त्याचं देवघर केलं. मधल्या मोकळ्या जागेत सिद्धरामेश्वरांचा फोटो, बसवण्णांची मूर्ती, तिच्या आईनं दिलेली पितळी समई. वर स्टेशनं दाखवणाऱ्या काट्याच्या पट्टीची लांबट खिडकी होती, त्यात ती उदबत्त्यांचा पुडा ठेवायची.

दाक्षायणी गव्हातले खडे काढत होती. नवरा देवासमोर उभा राहिला, हात न जोडता, हे बघून तिनं कानडीतून हाक मारली, "एन्री, काय झालं?"

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, परत पाठवायचा कागद, सही, तवा.

"आन त्यो बाहेर बसलाय?"

"सुतळी बांधाय लागलाय."

दाक्षायणी उठली, गुडघ्यावर हात टेकून. तिनं हात धुतले. एकेक देव उचलला आणि भिंतीतल्या फळीवर, हळदीच्या डब्याशेजारी, नीट मांडला. धर्मपाल तोवर दारापर्यंत आला होता. आत काय चाललंय ते त्याला दिसलं.

"काकू, नको," तो म्हणाला. "आमी बौद्ध, आमच्यात देव पुजत न्हाईत, पर तुमच्या घरातलं देवघर मोडून मला नको. लोक काय म्हनतील?"

"लोकांला दुसरं काम न्हाई. आन मोडतंय कोन? देवाला फळीबी चालती. त्यो काय तापत न्हाई." तिनं समईची काजळी पदरानं पुसली. "साकु. बोलत बसू नगा. न्या ती पेटी."

साकु म्हणजे पुरे. दाक्षायणीनं साकु म्हटलं की त्या घरातलं बोलणं संपायचं.

बुधवारी शरणप्पा दुपारी आडवा झाला नाही. खांद्याला तेल लावून उभा राहिला. पेटीच्या पाठीला जाड पुठ्ठ्याची फळी लावली आणि वरच्या भागात ओळीनं भोकं पाडली. बुडाला दोन लांब खाचा केल्या, खाली चार पाय लावून पेटी बोटभर उचलली.

"वारं खालनं येतंय, तापतंय, वरनं जातंय," तो धर्मपालला म्हणाला. "चुलीचंच हाय समदं. व्हॉल्व्हच्या वक्ताला ही गोस्ट शेंबड्या पोराला ठावी हुती."

"आन धूळ?"

शरणप्पानं ट्रंकेतून एक गुंडाळी काढली. स्पीकरवर ताणून बसवायचं जाळीदार कापड, सोनेरी धाग्याचं, नऊ वर्षं घडी न मोडलेलं. "आवाज जातोय त्यातनं वारं जातंय. कापूस न्हाई जात." मधल्या मोकळ्या जागेला, खाचांना आणि भोकांना आतून ते कापड ताणून लावलं.

यंत्र लाकडालाही टेकायला नको होतं. त्याखाली अंतर ठेवायला काय घालावं, यावर धर्मपाल विचार करत बसला. शरणप्पानं शेजारच्या मागवाल्याकडून सूत गुंडाळायची एक जुनी लाकडी कांडी मागून आणली. कांडी मधून पोकळच असते. तिचे करवतीनं चार सारखे तुकडे पाडले, यंत्राच्या चार कोपऱ्यांखाली ठेवले आणि पोकळीतून स्क्रू घातले. धर्मपालनं वाकून एका तुकड्यावर बोट ठेवलं.

"पुस्तकात ह्याला लई मोठं नाव हाय," तो म्हणाला.

"असंल. हितं कांडी म्हनत्यात."

आकडे पट्टीच्या खिडकीत आले. तिला फोटोच्या चौकटीतली काच बसवली. राहिलं डावीकडचं एक भोक, जिथं रेडिओ चालू करायची खुंटी असायची. धर्मपाल म्हणाला, तिथं चालू-बंदचं बटन येऊ दे. बटनाची काडी नुसतीच बाहेर डोकावत राहिली. शरणप्पानं दोन पावलं मागं जाऊन बघितलं. नाक कापल्यागत दिसत होतं. त्यानं डब्यातून एक जुनी गोल खुंटी शोधली, पितळी टिकली असलेली, आणि काडीवर दाबून बसवली. आता चेहरा पुरा झाला. गेल्या नऊ वर्षांत दुकानातून असं काही गेलं नव्हतं.

गुरुवारी हातगाडीवरून पेटी कारखान्यात गेली. शरणप्पा फक्त पोचवायला गेला होता. मागाशेजारी उंच स्टुलावर पेटी ठेवली. धर्मपालनं यंत्राची तार मागाला जोडली आणि पेटीची पाठ उघडून, वहीत बघून बटनं दाबली, वीस मिनिटं दाबत होता. माग सुरू झाला, धोटा धावायला लागला आणि काचेमागं तांबडे आकडे एकेक चढू लागले. मागांचा खडखडाट इतका, की बोलायचं तर कानाशी जावं लागे. चनबसप्पा धोतराचा सोगा धरून उभे होते. ते मान हलवून आत गेले. दहा वाजले होते.

पावणेअकराला नागूबाई आली. पलीकडच्या पडवीत ती कांड्या भरायची. कपाळावर, भुवयांवर कापूस, आणि तोंडभर हसू. शरणप्पाला ती जुनी ओळखत होती.

"मिस्त्री, कवाधरनं मुका ठिवलाय रेडिओ? लावा की जरा गानी," ती म्हणाली, आणि त्यानं हात वर करायच्या आत तिनं खुंटी फिरवली.

काच काळी झाली.

धर्मपाल मागापलीकडं उभा होता. बटन बंद झालं की यंत्र सगळं विसरतं. मोजलेलंही आणि कसं मोजायचं तेही. माग थांबवावा लागला. माग थांबल्याचं कळून चनबसप्पा बाहेर आले.

"बंद पडलं," ते म्हणाले.

"पडलं न्हाई, मालक. पाडलं," धर्मपाल म्हणाला.

"मला सहीला दोन्ही सारखंच."

नागूबाई रडकुंडीला आली. "रेडिओच हाय की ह्यो. मला काय ठावं? गानी लागत्याल म्हनून फिरिवलं."

"तिची चूक न्हाई," शरणप्पा म्हणाला. "रेडिओगत दिसावं म्हनून मीच ती खुंटी लावली. नुस्ती दिसायला लावली, मालक. न्हाई लावली तरी चाललं असतं. चांगलं दिसलं म्हंजे झालं, ही माजी खोड."

चनबसप्पांनी त्याच्याकडं बघितलं. त्यांच्या बापाच्या घरात शरणप्पाच्याच हातचा रेडिओ होता. "आता अकरा. साडेअकराला पुन्यांदा चालू करा. दिवं लागंस्तवर चाललं तर सही करतो. मधी कुनी हात लावला, वारं लागलं, काय बी झालं तर उचलायचं आन जायचं."

धर्मपाल पुन्हा वही उघडून बसला. एकेक आकडा बोट ठेवून वाचला, मग दाबला. शरणप्पानं खुंटी उपटली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि पेटीशेजारी एक पोतं अंथरून बसला. पोचवून परत जायचं होतं त्याला. आता कुठं जाणार?

दिवस लांबला. पत्र्याखालचा उकाडा, खडखडाट, डोळ्यांत कापूस. कामगार येता-जाता विचारायचे, "मिस्त्री, कुठलं स्टेशन?" पहिल्या दोघांना तो हसला, नंतर नुसता हात हलवला. पाठ भिंतीला टेकवता येत नव्हती, भिंत तापली होती. नागूबाई दर तासाला यायची. हात पाठीमागं बांधून पेटीकडं बघायची, मग कोंबडीच्या पिसानं खाचांवरच्या कापडावर जमलेला कापूस झाडायची. न सांगता. कापडाबाहेर पिंजलेल्या कापसागत थर साचायचा, आत कणही जात नव्हता.

शरणप्पा अधूनमधून पेटीच्या माथ्यावर तळवा ठेवायचा. ऊन लागायचं, पण तव्याचं नाही. उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळासारखं.

चारनंतर त्याचा डोळा लागला. किती वेळ कुणास ठाऊक. जागा झाला तो दचकून, आणि आधी काचेकडं बघायचा धीर होईना. त्यानं तळवा ठेवला. ऊन होती. मग बघितलं. आकडे चढत होते. धर्मपाल समोर उकिडवा बसून होता, सकाळपासून पाणीसुद्धा न पिता.

पडवीत पहिला दिवा लागला. चनबसप्पा आले. मागवाल्यानं स्वतः खडूनं भिंतीवर मोजून ठेवलेले मीटर त्यांनी बघितले, काचेतला आकडा बघितला, धर्मपालनं फेऱ्यांचे मीटर करायला केलेला गुणाकार बघितला. मग कागद मागितला आणि चष्म्याशिवायच सही केली.

"हे महिनाभर हितंच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "साहेबांना सांगा, मी मागितलं."

धर्मपालनं कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. बाहेर आल्यावर म्हणाला, "मिस्त्री, महिन्यानं पेटी परत आनून देतो. काकूंचं देवघर हाय ते."

"असू द्या. यंत्राला घर पायजे. पुना डब्यात नगा घालू."

"तुमी तर हुबळीला चालला."

"चाललो की," शरणप्पा म्हणाला आणि घराकडं वळला. पाय ओढत गेला.

दाक्षायणी उंबऱ्यावर होती. "चाललं?"

"चाललं."

"आन पेटी?"

"ऱ्हायली तितंच."

तिनं तांब्या भरला. पाणी दिलं. शरणप्पा भिंतीला टेकून बसला तर समोर फळी. सिद्धरामेश्वरांचा फोटो हळदीच्या डब्याला रेलला होता. बसवण्णांच्या मूर्तीमागं तिखटाची पिशवी. समईला जागाच नव्हती, ती खाली चुलीशेजारी उभी.

"एन्री," दाक्षायणी म्हणाली, "हुबळीला काय फळीसकट न्यायचं ह्यांला?"

शरणप्पानं डोळे मिटले. खिशात काहीतरी टोचत होतं. हात घालून बघितलं, तर खुंटी. उठून त्यानं ती फळीवर मूर्तीशेजारी ठेवली. मग हात लांब करून फोटोची उंची वितीनं मोजली. एक वीत आणि चार बोटं. खांदा कळवळला.

"ह्या खेपेला पाठीला भोकं पाडू नगा," दाक्षायणी म्हणाली. "मुंग्या जात्यात."

बसवजयंतीला दहा दिवस राहिले होते. नुसतं पॉलिश वाळायलाच आठ लागतात.